खंडेनवमीला आंधळा झालेला कॅमेरा

सन २०१९. मला सत्तावन्न पुरी झाली होती आणि निवृत्ती तोंडावर आली होती. कर्जतच्या ठाण्यात मी सहायक फौजदार होतो. शिक्षण सातवी. तपास केला तो डोळ्यांनी आणि कानांनी, पुस्तकानं नाही, आणि त्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही. त्या खंडेनवमीचं प्रकरण मात्र काल घडल्यासारखं डोळ्यांसमोर आहे.

सकाळी ठाण्यात रायफली पुजून झाल्या, प्रसाद वाटला. दुपारी एक तरुण नोकरदार धापा टाकत आला. सकाळी स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये पांढरी गाडी लावून कामाला गेला होता. अर्ध्या दिवसानं परत आला तर गाडी नाही. मागोमाग पार्किंगचा ठेकेदार आला, काखेत कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगची पेटी.

"साहेब, तपासाची गरजच नाय," ठेकेदार म्हणाला. "आमचा कॅमेरेवाला सकाळी शिडीवर चढला, त्यानंतर कॅमेरा आंधळा झाला नि गाडी गेली. आजून काय पुरावा पायजे?"

स्टेशन डायरीला नोंद घेतली. गाडीचा नंबर वायरलेसनं खालापूरकडे, टोलनाक्यावर कळवला. कॅमेरेवाला बाजारातल्या दुसऱ्या पार्किंगमध्ये काम करत होता. त्याला जीपमधून आणायला लावलं. भर बाजारातून आणला, शंभर लोकांनी बघितलं असेल.

माणूस कळंबचा, पस्तिशीचा, बायकापोरांचा धनी. या भागातल्या पार्किंगचे, रिसॉर्टचे कॅमेरे हाच सांभाळायचा. समोर उभा राहिला तेव्हा नजर चुकवत नव्हता. हे मी बघून ठेवलं.

"सकाळी काय केलंस?"

"काच पुसली, वायरी तपासल्या, कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं. चित्र चकाचक होतं साहेब."

"मग आता सगळं लालभडक का दिसतं?"

"मला काय म्हाईत? पण साहेब, मलाच कॅमेरा आंधळा करायचा असता तर वायर उपटली नसती का? लाल कशाला करत बसू?" मग हात जोडले त्यानं. "एकदा का चोर म्हणून नाव लागलं, तर कळंबपासून खोपोलीपर्यंत मला कोणी दारात उभं करणार नाय. आमचा धंदा निस्ता विश्वासावर हाय."

ठेकेदार खेकसला, "आवो साहेब, अटक दाखवा नि मोकळे व्हा."

मी हट्टी माणूस. कोणी घाई केली की माझा पाय जागचा हलत नाही. म्हटलं, "पेटी लाव. लाल झाल्यापासून नको, त्याच्या आधीपासून दाखव."

ठेकेदारानं आधीचं बघितलंच नव्हतं. चित्र स्वच्छ होतं. मग बाजूनं एक बोट आलं. एकच, बाकीची दुमडलेली. चित्र पिवळं झालं. बोट गेलं, परत आलं, आणि मग लाल झालं.

"बघा, ह्याचंच बोट!" ठेकेदार ओरडला.

मी परत लावायला सांगितलं. आधी पिवळं, मग लाल. आमची आई तुळशीला असंच लावायची, करंगळीशेजारच्या बोटानं. आधी हळद, मग कुंकू. चोर एवढा नेम कशाला पाळेल?

सगळ्यांना घेऊन पार्किंगमध्ये गेलो. चिठ्ठ्या फाडायच्या टपरीला, फाटकाला, खुर्चीला, सगळ्याला झेंडूच्या माळा. टपरीच्या छपराखालच्या कॅमेऱ्यालाही एक माळ आणि काचेवर ठसठशीत हळदकुंकू. सण होता, म्हणून कोणाला वावगं वाटलं नाही. टपरीत चिठ्ठ्या फाडणारी मावशी बसलेली.

"मावशी, कॅमेऱ्याला कुंकू कोणी लावलं?"

"मी लावलं. का वो?"

ठेकेदार कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं बाई, काचेवर लावलंस!"

"मंग कुठं लावू? त्येचं कपाळ त्येच हाय ना? तुमी पोलीस बंदुका पुजता, मी माझं हत्यार पुजलं तर गुन्हा झाला का?"

हसू दाबून मी पांढऱ्या गाडीचं विचारलं.

"ती व्हय? नारळ फोडत व्हते तवा एक म्हातारबाबा आले. परसाद घेतला, चावीनं दार उघडलं नि गेले गाडी घेऊन. चोर काय परसाद खाऊन जातो व्हय?"

मी गाडीमालकाकडे वळलो. "दुसरी चावी कुठे?"

"घरी, कोंडाणे गावात, बाबांकडे," तो चाचरला. "पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांना गाडीला हात लावू देत नाही."

"त्यांना फोन केलास?"

"सणासुदीला त्यांच्या जिवाला घोर नको, म्हणून नाही केला."

आता केला, तर कोणी उचलेना. जीप कोंडाण्याला काढली, कॅमेरेवाल्यालाही सोबत घेतला. अंगणात गाडी उभी, धुऊन पुसून, माळ घातलेली. शेजारी म्हातारबाबा ऐटीत उभे. जन्मभर टेंपो चालवलेला माणूस.

"बाबा, न विचारता गाडी आणलीत?"

"इचारलं असतं तर तू नाय म्हनला असतास. आपली गाडी आपल्या दारात पुजायची का परक्या छपराखाली? नि डोळ्यांचं काय सांगतोस रं? नीट आलो. वाटेत कोंबडीसुदिक उडाली नाय."

कॅमेरेवाला जीपच्या चाकाशी मटकन खाली बसला. हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाही कळत नसावं. म्हातारबाबांनी त्याच्या हातात पेढा ठेवला. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. टोलनाक्याला वायरलेसनं कळवलं, डायरीत लिहिलं : गाडी मिळाली, गुन्हा नाही.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, माणसं पडदा बघत बसतात आणि टपरीत बसलेल्या माणसाला विचारायचं विसरतात. दुसरी, माणूस निर्दोष असल्याचं डायरीत लिहून भागत नाही. बाजार काही डायरी वाचत नाही.

माफी मी मागितली नाही. पोलिसाला ती सवय नसते. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी पूर्ण वर्दी चढवून मी बाजारातल्या त्या पार्किंगमध्ये गेलो. कॅमेरेवाला आदल्या दिवशी अर्धवट राहिलेलं काम करायला आला होता. दुकानदार त्याच्याकडे बघून कुजबुजत होते. मी टोपी नीट केली, त्याची शिडी दोन्ही हातांनी धरली आणि म्हटलं, "चढ रं." त्याचं काम होईपर्यंत मी शिडी सोडली नाही.