धुतलेली पलटण

मस्करी कोणाशी करावी, याचं भान मला पन्नाशीला टेकलो तरी आलेलं नाही. आईशी तर करूच नये. ती माझा शब्द खरा मानते. जगात तसं करणारी ती एकटीच.

मी मेहकरला शाळेत भूगोल शिकवतो आणि घरी बोटभर उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक रंगवतो. टेबलावर डोंगर-नाले मांडायचे, फौजा समोरासमोर उभ्या करायच्या आणि फासे टाकून लढायचं, असा हा खेळ. नाद लावला नागपूरच्या जुन्या दोस्ताने. यंदा दसऱ्याच्या दिवशी तिथे जोडीची स्पर्धा होती. फौज एकच, चाळीस सैनिक त्याचे, चाळीस माझे, आणि रंगकामाला वेगळे गुण. ऐंशीही जण एकाच चिखलातून आलेले वाटले पाहिजेत. आधीची दोन वर्षं आम्ही माझ्याच घोळांमुळे हरलो होतो. "या खेपेले घोळ केला ना बे, तर मी दुसरा जोडीदार पाहीन," असं त्याने सांगून ठेवलं होतं, आणि हसत सांगितलं नव्हतं.

सैनिक रंगवणं सोपं. रंगवून झाल्यावर त्याला जुनं करणं अवघड. तलवारीवर गंज हवा, झग्यावर धूळ हवी. मी विटेची पूड वस्त्रगाळ केली, वावरातली काळी माती चाळून डिंकाच्या पाण्यात कालवली आणि एकेकाला गुडघ्यापर्यंत लावली. चार महिने गेले त्यात. शेवटी वार्निशचा हात मारला की सगळं पक्कं होतं. तो मी 'उद्या मारू' म्हणून ठेवला.

खंडेनवमीच्या सकाळी आईने विचारलं, "पूजेत तुही हत्यारं कोणती मांडू रे?"

मी झेंडू आणायला निघालो होतो. चपला घालता घालता म्हणालो, "हे काय, चाळीस जण तलवारी घेऊन उभेच आहेत ना!"

बाजारात दोन ठिकाणी गप्पा मारून परतलो तर पाटावर लाल कापड आणि त्यावर माझी पलटण, लखलखीत. प्रत्येकाच्या डोक्यावर हळदकुंकू. शेजारी ब्रश आणि रंगाच्या बाटल्या, त्यांनाही कुंकवाचं बोट.

"किती गंजले होते रे! हत्यार असं ठेवतेत काय? आन् पायाले एवढा गारा, कुठं तुडवून आले होते हे? जुन्या टूथब्रशनं एकेकाले घासलं. कंबर मोडली माही."

मी तोंड उघडलं. तिची बोटं पाण्याने पार सुरकुतली होती. तोंड मिटलं.

"आई, ब्रश तेवढे घेऊ काय? थोडं काम होतं."

"आज? मांडलेल्या हत्याराले आज हात लावतेत काय? उद्या पहाटे फुलं उचलीन, मंग ने."

नियम मला ठाऊक होता. लहानपणी त्या दिवशी पेनही पूजेत जायचं आणि अभ्यास टळायचा, म्हणून मी त्याचा कट्टर पुरस्कर्ता होतो. आता दिवसभर पाटासमोर खुर्ची टाकून बसलो. वेळ होता, रंग होते, माती होती. हातही होते, पण मांडीवर. दोस्ताला फोन करायला मोबाइल तीनदा उचलला आणि तीनदा हवामान पाहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटेचीच गाडी धरून नागपूर गाठलं आणि दोस्तासमोर डबा उघडला. त्याचे चाळीस शेजारीच उभे होते. मळलेले, थकलेले, देखणे.

"हे काय हाय बे?"

मी सांगितलं. त्याने आपल्या पेटीतून तपकिरी रंग काढला, एक ब्रश माझ्याकडे सरकवला आणि मान खाली घालून तो चिखल लावायला लागला. परीक्षक तिसऱ्या टेबलापाशी होते, आमचं नववं. जेमतेम अकरा जण मळले. कुंकू तर शिरस्त्राणांच्या खाचांतून निघता निघेना.

तेवढ्यात आईचा फोन आला. हात रंगाने भरलेले, म्हणून स्पीकरवर टाकला.

"कसे दिसून राह्यले रे आपले?"

मी टेबलाकडे पाहिलं. "उठून दिसून राह्यले," म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं.

"मंग! पुढच्या साली त्याचेही घेऊन येजो. दोघायचे मीच धुऊन देईन."

दोस्ताची मान खालीच होती. खांदे तेवढे हलत होते. हसत होता की रडत, ते वाकून बघायची माझी हिंमत झाली नाही. परीक्षक आठव्या टेबलाशी आले होते.