ग्रहणातली विळी

गिरण्यांचा संप लागला, नवऱ्याचा साचा, म्हणजे कापडाचा माग, बंद पडला, आणि मी डिलाईल रोडच्या खोलीतून ऑफिसवाल्यांचे डबे द्यायला लागले. पोटुशी होते. त्यात ग्रहण आलं. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरायचं नाही, नाहीतर पोरात खोट येते, असं आमच्यात मानतात. डबे खाणाऱ्यांना ग्रहण नव्हतं. मी भेंडी चिरली.

मुलगी झाली ती पांढरीफटक. एक अंगठा वाकडा. सासूबाई म्हणाल्या, "गिराणात इळयेर बसलंस. आता भोग." येईल त्याला दुपट्यातून तो हात काढून दाखवायच्या.

पोरीच्या अंगात लाल रक्त तयारच होत नव्हतं. परळच्या हॉस्पिटलात नेऊन पुन्हा पुन्हा चढवावं लागे. संपावरचे साचेवाले येऊन रक्त देत. पगार बंद होता, रक्त होतं. सासूबाईंचं तोंड मात्र वीस वर्षं चालू राहिलं.

मुलीचं लग्न झालं, दिवस राहिले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांचं रक्त तपासलं. म्हणाल्या, "पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र असतं, रायबोसोम. त्यातला एक भाग कसा बनवायचा ते ज्या जनुकात असतं, ते हिच्यात बिघडलंय. जोडीतलं दुसरं चांगलं आहे, पण एकट्याने पुरत नाही. रक्त न बनणं आणि वाकडा अंगठा, दोन्ही त्यामुळेच."

नवरा म्हणाला, "म्हणजे साच्याचा सुटा भाग कमी पडतो."

"तसंच. तुम्हा दोघांत हा बिघाड नाही. हिच्यातच नव्याने झाला."

मी विचारलं, "भेंडी चिरून होतो?"

त्या हसल्या. मी हसले नाही. मला उत्तर हवं होतं.

"नाही हो आजी."

मुलीने विचारलं, "माझ्या बाळात येईल?"

"येईल किंवा नाही. दोन्ही सारखंच शक्य."

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. खाटेवरून म्हणाल्या, "डॉक्टराक काय कळता?" पुढच्या ग्रहणाला त्यांनी मुलीला कोपऱ्यात बसायला फर्मावलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी विळी तिच्यापुढे सरकवली. "चिर."

तिने चिरली. सासूबाई जेवल्या नाहीत. आम्ही जेवलो.

आता चाळीतल्या बायका विचारतात, नातवाचे अंगठे कसे आहेत? मी म्हणते, आधी माझ्या मुलीला रक्त द्यायला चला, मग दाखवते.