पायाचं सूप आणि अप्पांचा गुडघा

माझे वडील, म्हणजे अप्पा, आचारी आहेत आणि मी बकऱ्याच्या सांध्यांवर संशोधन करते. थोडक्यात, आमच्या घराण्यात बकऱ्याला सुटका नाही.

बंगळूरच्या जुन्या भागात आमचं छोटं मिलिटरी हॉटेल आहे. मिलिटरी म्हणजे इथे मटण मिळणारी खानावळ, बंदूक-बिंदूक काही नाही. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. घरात मराठीच बोलतो, पण तिच्यात कानडी इतकी मिसळलेली की लॅबमधली पुण्याची मैत्रीण माझं बोलणं ऐकून ओठ दाबून हसते. रविवारी मात्र तीच सर्जापूर रोडवरून दीड तास गर्दीत धक्के खात अप्पांचं पायाचं सूप प्यायला येते. तेव्हा तिला माझं व्याकरण आठवत नाही.

हे सूप म्हणजे अप्पांचा धर्म. बकऱ्याचे पाय रात्रभर मंद आचेवर शिजतात आणि सकाळी ओठाला ओठ चिकटेल असा रस उतरतो. 'दोन वाट्या पी, गुडघे घोड्यासारखे होतात,' असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. मी शिकून शहाणी झाले आणि एके दिवशी भर पंगतीत म्हणाले, "अप्पा, ते ओठाला चिकटतं ना, ते शिजलेलं कोलॅजन. पोटात गेलं की त्याचे बारीक तुकडे होतात. त्यांच्यावर गुडघ्याचा पत्ता लिहिलेला नसतो."

गिऱ्हाइकं हसली. अप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही हट्टाला पेटून सूप सोडलं. तरी रोज सकाळी माझ्या जागेवर झाकून ठेवलेली वाटी असायचीच आणि मी ती न उघडता जायची. मी अप्पांचीच मुलगी, दुसरं काय!

मग मलाच त्यांच्या पायांची गरज पडली, म्हणजे बकऱ्याच्या. खुराच्या जरा वरचा सांधा न उघडता मिळाला, तर त्यातली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं ते पांढरं गुळगुळीत अस्तर, काढून बशीत जिवंत ठेवता येते. मी मान खाली घालून अप्पांकडे पाय मागितले. त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः डबा भरून दिला. मी तो छातीशी धरून बसने मारतहळ्ळीला, आमच्या लॅबपर्यंत गेले. आजूबाजूचे लोक माझ्याकडे का बघताहेत ते मला कळेना. लॅबमध्ये डबा उघडला आणि सगळा मजला खमंग वासाने भरला. अप्पांनी पाय जाळावर भाजून, केस खरडून, हळद-मीठ चोळून पाठवले होते! कूर्चेतली एकूण एक पेशी मेलेली. वर सगळं पिवळं धम्मक. आमच्या मॅडमनी वाकून वास घेतला आणि विचारलं, "जेवायचं कधी?"

मी घरी येऊन आकाशपाताळ एक केलं. अप्पा शांतपणे म्हणाले, "पुट्टी, तुझ्या शाळेत घाणेरडे पाय पाठवू का मी?" पुट्टी म्हणजे छोटी. मी चौतीस वर्षांची आहे आणि ती शाळा नाही, पण एवढ्या मायेपुढे माझा राग टिकेना. मी हसत सुटले. दुसऱ्या खेपेला पाय तसेच आले, केसांसकट, आणि माझा प्रयोग सुरू झाला.

प्रयोग सांगायला सोपा आहे. कूर्चा म्हणजे जाळीच्या पिशवीत गच्च भरलेला भिजवलेला सब्जा. जाळी कोलॅजनची. आतला ऐवज पाणी धरून फुगू बघतो, जाळी त्याला आवरते, आणि या ओढाताणीवर आपण उभे राहतो. सांधा सुजला की सुजेचे रेणू कूर्चेतल्या पेशींना चिथावतात आणि त्या पेशी स्वतःच कात्री चालवायला लागतात. आधी आतला ऐवज निसटतो. तो पुन्हा थोडाफार भरून येऊ शकतो. पुढे जाळी तुटते, आणि ती शरीराला पुन्हा तशी विणता येत नाही. मी निम्म्या बश्यांत हे चिथावणीखोर रेणू घातले, निम्म्यांत काहीच नाही, आणि तीन आठवडे वाट बघत बसले.

या तीन आठवड्यांत मी रोज सूज मोजत होते, आणि घरातली सूज मला दिसली नाही. दिव्याखाली अंधार, तो असा. एका सकाळी सहज अप्पांच्या पळीकडे लक्ष गेलं. दांड्याला जाड फडकं गुंडाळलेलं होतं. त्यांची मूठच मिटत नव्हती. मी त्यांचं धोतर वर सरकवून गुडघ्याला हात लावला, तर तो गरम आणि फुगलेला.

"कधीपासून?"

"स्वल्प आहे गं. वंगण संपलंय. वय झालं."

"वंगण संपलं की गुडघा तापत नाही, अप्पा. सकाळी आखडतो का?"

"तासभर. मग सुटतो."

"डॉक्टरकडे चला."

"बेडा." म्हणजे नको, विषय संपला.

मी चिडले, ओरडले, रडलेसुद्धा. तेव्हा कुठे ते खरं बोलले. "डॉक्टर म्हणेल, उभं राहू नका. आणि चुलीपाशी बसलेला आचारी तू कधी पाहिलास?" त्यांच्या स्वयंपाकघरात कुणी बसायचं नाही हा त्यांनीच केलेला नियम होता. चूल सुटली तर आपण कोण उरणार, एवढीच त्यांना भीती होती. पण गप्प बसेन तर मी कसली!

"बरं, नका येऊ. पण तुमच्या बकऱ्यांचं काय झालं ते तरी बघायला या."

हे लागू पडलं. अप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून लॅबमध्ये आले, मॅडमना नमस्कार केला आणि सूक्ष्मदर्शकापुढच्या उंच स्टुलावर बसले. मी आधी न छेडलेली कूर्चा दाखवली. कोलॅजन लाल दिसावं म्हणून रंग दिला होता. लालभडक, दाट, एकसंध.

"छान आहे," अप्पा म्हणाले. "ताजी."

मग दुसरी. फिकट, भुसभुशीत, कडेला विरलेली. अप्पा बराच वेळ डोळा लावून बसले.

"ही शिजवलीस?"

"नाही. दोन्ही एकाच बकऱ्याच्या, एकाच पेटीत ठेवलेल्या. हिच्यात फक्त सूज घातली."

"आग नाही, पाणी नाही, तरी शिजली?" त्यांनी आयुष्यभर पाय शिजवले होते. धागा कधी सुटतो ते माझ्या मॅडमपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"हिच्यावर आता चांगलं सूप ओतलं तर?"

"आच चालू असताना वरून काय ओतणार, अप्पा?"

"आणि गेलेलं परत येतं?"

"जाळी नाही येत."

"उरलेली?"

"आच बंद केली तर बरीच वाचेल."

ते स्टुलावरून हळूच उतरले. "सरी," म्हणाले, म्हणजे बरं. "मग माझ्या गुडघ्याचं सूप होऊ देऊ नकोस. चल, कुठे आहे तुझा डॉक्टर?" मी आनंदाने भर लॅबमध्ये उडी मारली आणि एक रिकामी बशी फोडली.

औषधं सुरू झाली. सूज उतरायला वेळ लागला, चिडचिड भरपूर झाली, पण महिन्या-दोन महिन्यांत पळीवरचं फडकं गेलं. डॉक्टरांनी सलग उभं राहायला मनाई केली, ती केलीच. मी धास्तावले. अप्पांनी घरी कुणाशी चर्चा केली नाही.

मग एका रविवारी मी हॉटेलात गेले, तर चुलीपाशी एक नवं कोरं उंच स्टूल होतं, थेट आमच्या लॅबमधल्यासारखं. त्यावर अप्पा बसले होते, हातात उघडी पळी, आणि आरडाओरडा पूर्वीइतकाच. "बसलेला आचारी पाहिला नव्हतास ना? बघ आता!"

मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. माझ्या जागेवर वाटी झाकलेली होती. मी ताटली बाजूला केली आणि उभ्या उभ्याच सगळं सूप पिऊन टाकलं.

"गुडघ्यात जातंय का?" अप्पांनी चुलीपाशी बसूनच विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "अजून एक वाटी द्या."