मुक्ताच्या खोलीची फरशी

नलूवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका नवरा-बायकोला लाकूड आणि व्हिनाइल यांतला फरक समजावून सांगत होतो. पाण्याला व्हिनाइल, दिमाखाला लाकूड, हे माझं ठरलेलं वाक्य. नाशिकमध्ये इतकी वर्षं फरशा विकून ते तोंडात असं बसलंय, की रिसीव्हर कानाला असतानाही माझा दुसरा हात गिऱ्हाइकापुढे नमुने सरकवत होता. "दिनू, नलू गेली रे सकाळी," वसंता म्हणाला. मी म्हणालो, "बरं." असल्या बातमीवर 'बरं' म्हणणारा माणूस मी नाही, पण म्हणालो खरा. कारण त्या क्षणी दुःखाच्याही आधी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि हे कबूल केल्याशिवाय वहिनींबद्दल पुढचं काही लिहायला मला तोंड नाही. आता वहिनी मला ती पट्टी उचलायला सांगणार नव्हत्या...

वसंता माझा शाळेपासूनचा मित्र. रेल्वेत कारकून, रोज नाशिकरोडहून इगतपुरीला जाऊन-येऊन नोकरी केली त्यानं. वहिनी प्राथमिक शाळेत शिक्षिका. नव्वदच्या सुमारास त्यांनी नाशिकरोडला घर बांधलं, तेव्हा कॉलनीत सगळ्यांच्या घरात गुळगुळीत मोझॅक होता. यांच्याही होता, फक्त वरची एक खोली सोडून. त्या खोलीत सागवानी फळ्यांची जमीन होती, कारण ती खोली मुक्ताची होती. मुक्ता त्यांची धाकटी मुलगी, लहानपणी पोलिओ झालेली, कुबडी घेऊन चालायची. मोझॅकवर कुबडी सटकायची. दोनदा पडली, तेव्हा वसंतानं इगतपुरीला पाडलेल्या एका जुन्या बंगल्याच्या फळ्या लिलावात घेतल्या आणि ट्रकमध्ये घालून आणल्या. मी नुकतंच दुकान टाकलं होतं, त्यामुळे मला अकलेचं अजीर्ण झालेलं. "भंगार आणलंस भंगार!" असं मी त्याला चारचौघांत म्हणालो होतो. वहिनींनी मात्र महिनाभर शाळेतून आल्यावर स्वतःच्या हातानं त्या फळ्यांना जवसाचं तेल चोळलं. मग मला बोलावून म्हणाल्या, "भाऊजी, चपला काढा आणि आत या. भंगार पायाला कसं लागतंय सांगा."

फार सुरेख लागत होतं, हे मी तेव्हाही कबूल केलं नाही.

मुक्ताला खिडकीचं वेड होतं. त्या खिडकीतून रुळांचा एक तुकडा दिसायचा. संध्याकाळची गाडी शिट्टी देत आली, की ती पलंगावरून उठायची आणि बाबा गाडीतून उतरायच्या आत खिडकीत पोचायची शर्यत लावायची. टक्... टक्... टक्. वहिनी खाली स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "निघाली बघा स्वारी," आणि मग थोड्या वेळानं, "पोचली." कुबडीच्या तळाचं रबर महिन्या-दोन महिन्यांत झिजायचं. वसंता नवं आणेपर्यंत तळाचं लोखंड फळ्यांत रुतायचं. मी त्या घरी शंभरदा चहा प्यायलो असेन, मुक्ताशी पत्ते खेळलो असेन, पण जमिनीकडे नीट पाहिलं नाही. माझा धंदाच जमिनीचा, तरी पाहिलं नाही. आठवीत असताना मुक्ता न्यूमोनियानं गेली. त्या पावसाळ्यात वरची खोली बंद झाली, ती कित्येक वर्षं बंदच राहिली.

पुढे मोठ्या मुलाचं, अभयचं लग्न ठरलं. घराला रंग, नवी बाथरूम, आणि वरची खोली नवरा-नवरीला. वहिनी दुकानात आल्या, एकट्याच. मी त्यांच्यापुढे दोन्ही पर्याय मांडले. लाकडासारख्या दिसणाऱ्या व्हिनाइलच्या पट्ट्या तेव्हा नुकत्याच मुंबईहून येऊ लागल्या होत्या, मलाही नव्याची नवलाई होती. पण वसंताच्या सागवानावर आता माझाही जीव जडला होता. म्हटलं, "वहिनी, मशीन मारून अर्धा सूत वरचं लाकूड उतरवू, पॉलिश करू. खड्डे, ओरखडे, सगळं जाईल. कोरी करकरीत जमीन मिळेल तुम्हाला."

"सगळं जाईल?"

"अगदी सगळं. गॅरंटी."

त्यांनी व्हिनाइलच्या नमुन्यावर बोट ठेवलं. "मग हे द्या. वरून नुसतं चिकटवायचं. मशीन नको."

मी खूप चेष्टा केली. सागवानावर प्लास्टिक म्हणजे पुरणपोळीवर डालडा, असं काहीबाही बडबडलो. त्या हसल्या नाहीत. मी मनाशी समजूत घातली, की मुलीची फरशी त्यांना डोळ्यांसमोर नकोशी झाली असेल, झाकून टाकायची असेल. आणि एकदा झाकायचीच ठरली, की खाली काय केलं यानं कुणाला फरक पडतो? आमच्या धंद्याची एक रीत आहे. व्हिनाइलच्या खाली जमीन सपाट लागते. खालचा प्रत्येक खड्डा काही महिन्यांत वर उमटतो, मग गिऱ्हाईक आमच्या नावानं ओरडतं. वहिनी लग्नाच्या बोलावण्यांसाठी चार दिवस घोटीला माहेरी गेल्या, तेव्हा मी पांडू मिस्तरीला सांगितलं, "आधी मशीन मार, सपाट कर, मग पट्ट्या लाव." आणि मी माल आणायला मुंबईला गेलो. आलो तर काम झालेलं. पांडू खूश होता. "शेट, एकदम लेवल केलंय बघा. हात फिरवा, कायबी लागणार नाय."

वहिनी परत आल्या, वर गेल्या, आणि खिडकीपाशी त्या नव्या पट्ट्यांवर मांडी घालून बसल्या. बराच वेळ तळवा फिरवत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, दुकानात रडू आलं असतं. याच्या खाली मुक्ताच्या कुबडीच्या खुणा आहेत. पलंगापासून खिडकीपर्यंत. पॉलिश केलं असतं तर गेल्या असत्या. उघडं ठेवलं असतं तर नव्या सुनेनं रोज त्यावरून चालावं, हे बरं नाही. म्हणून झाकलं." मग त्यांनी विचारलं, "खाली तसंच आहे ना सगळं?"

"हो वहिनी," मी म्हणालो. "हातसुद्धा लावलेला नाही."

आयुष्यात मी गिऱ्हाइकांना पुष्कळ थापा मारल्यात. पण या एका वाक्यानं माझी झोप नेली. पांडूला नीट विचारायची हिंमत झाली नाही. त्याच्या तोंडून 'मशीन मारलं' हे शब्द ऐकले असते, तर मुक्ताला मीच पुसून टाकलं हे पक्कं झालं असतं. मग तोही कामासाठी सुरतेकडे निघून गेला. लग्नानंतर मी त्या घरी जाणं कमी केलं, पुढे बंदच केलं. आधी वसंताचे फोन यायचे, मग वहिनींचे. "भाऊजी, रविवारी या, डाळबट्टी करते." मी कधी साइट सांगायचो, कधी पाहुणे. कुठल्याही घरात व्हिनाइल चिकटवून झालं आणि मी वाकून हात फिरवला, की खालून टक् टक् ऐकू यायचं. खरंच यायचं. बायको म्हणाली, कान तपासून घ्या. कान ठीक होते.

यंदाच्या पावसाळ्यात वहिनींचा शेवटचा फोन आला. त्यांचं डायलिसिस चालू असल्याचं मला ठाऊक होतं, तरी मी भेटायला गेलो नव्हतो, हेही लिहून टाकतो. आवाज बारीक झाला होता. "भाऊजी, खिडकीपाशी एक पट्टी उचलून द्याल का? फक्त एकच. बघावंसं वाटतंय." मी धंद्यातल्या माणसासारखा बोललो. "आत्ता नको वहिनी. पावसात उचललं तर लाकूड ओल धरेल. दिवाळीनंतर बघू."

"दिवाळीनंतर..." त्या म्हणाल्या. "बरं."

गणपती बसायच्या आधीच त्या गेल्या.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी कटर आणि पटाशी घेऊन गेलो. वसंतानंच बोलावलं होतं. अभय आणि सून आता पुण्याला असतात, घरात तो एकटाच. वर गेलो, खिडकीपाशी बसलो, आणि पात्याचं टोक टेकवायच्या आधी मला राहवलं नाही. "वसंता, याच्या खाली काही नाहीये रे. मी त्या वेळी मशीन मारायला लावलं होतं. वहिनींशी मी खोटं बोललो."

तो म्हणाला, "कसलं मशीन? तेव्हा दिवसदिवस लोडशेडिंग असायचं. पांडूनं दोन दिवस लाइटची वाट बघितली, मग वैतागून लांबीची पांढरी पुट्टी कालवली आणि एकेक खड्डा हातानं भरत बसला. मी घरीच होतो, त्याला चहा मीच देत होतो."

मी पट्टी उचलली. पिवळ्या पडलेल्या गोंदाखाली काळसर सागवान, आणि त्यात रुपयाएवढे पांढरे गोल ठिपके. एकामागे एक, थोडे वाकडे, खिडकीकडे येणारे. त्या खुणा लाकडात होत्या तेव्हा मला कधी दिसल्या नव्हत्या. आता लांबीनं भरल्यामुळे आंधळ्यालाही दिसल्या असत्या. मी पुरुषासारखा पुरुष, हुंदके देऊन रडलो.

"वहिनींना माहीत होतं का हे?" मी विचारलं.

"माहीत होतं की. घोटीहून आल्या दिवशीच रात्री मी सांगितलं. म्हणाली, चांगलं झालं, आता खुणा पुसल्या जाणार नाहीत. तू यायचा का बंद झालास, ते मात्र तिला कळेना. माझं काही चुकलं का, असं विचारायची."

मी म्हटलं, "मग एवढी एक पट्टी तुला नसती उचलता आली? वहिनींना बघायचं होतं ना..."

"मी सुरी घेऊन बसलोही होतो," वसंता म्हणाला. "तिनंच अडवलं. म्हणाली, तुम्ही नका काढू. भाऊजींनाच सांगते. त्या निमित्तानं येतील तरी."

त्या खोलीतल्या सगळ्या पट्ट्या काढायला मला अर्धा दिवस पुरेल. पण मी दर रविवारी जातो आणि एकच काढतो. वसंता घाई करत नाही. पलंगापर्यंत अजून बऱ्याच बाकी आहेत.