पाय कुणी तपासले?

डूख धरावा तर आमच्या ताईने! ती शाळेत इतिहास शिकवते. मी तिची धाकटी बहीण, त्याच शाळेत गणित शिकवते. माझा राग दोन दिवसांत उतरतो. तिचा एकतीस वर्षं उतरला नव्हता.

कारण आमचे बाबा. लढाईत ते सात महिने खंदकात होते. तिथल्या चिखलपाण्यात पाय सडले, उजव्या पायाची चार बोटं कापावी लागली. त्यांच्या कॅप्टनने वर कळवलं, की घरी जाता यावं म्हणून ह्या माणसाने मुद्दाम पाय सडवून घेतले. झालं! लढाईवर गेलेल्यांच्या नावांची पाटी शाळेत लागली, त्यात बाबांचं नाव नाही. लोक तोंडावर 'पळपुटा' म्हणायचे आणि बाबा चकार शब्द काढायचे नाहीत. मला त्यांचाच राग यायचा, खरं सांगते. यंदा बाबांच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा ताई म्हणाली, "बाबांचे डोळे मिटायच्या आत त्या माणसाच्या तोंडून खरं वदवून घेते की नाही, बघच तू."

निवृत्त होऊन तो कॅप्टन आमच्याच गावात राहायला आला होता. त्याची नात सहावीत, ताईच्या वर्गात. चुणचुणीत पोर. ताईने पुस्तक बाजूला ठेवलं आणि महिनाभर खंदकच शिकवला. तारखा नाहीत, तह नाहीत, नुसता जवानांचा रोजचा दिवस. पेट्रोलच्या डब्यातून आलेल्या पाण्याचा चहा कसा लागतो, शिवणीतल्या उवा मेणबत्तीवर कशा जाळायच्या, उभ्याउभ्या डुलकी कशी काढायची. आणि पाय. मोजे रोज बदलायचे, जोडीदाराने जोडीदाराचे पाय कोरडे करून तेल चोळायचं, आणि संध्याकाळी अधिकाऱ्याने खंदकात उतरून एकेकाचे पाय स्वतः बघायचे. बोट काळं पडलेलं दिसलं की लगेच दवाखान्यात पाठवायचं. हे तर तिने मुलांकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं.

मग नातीकरवी आजोबांना वर्गात बोलावलं. आला की! कडक इस्त्री, छातीवर पदकं. बाबांना आम्ही आधीच शेवटच्या बाकावर आणून बसवलं होतं. त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आम्ही असे लढलो अन् तसे लढलो, अर्धा तास नुसत्या बढाया. माझं डोकं असं तापलं होतं म्हणून सांगू!

नातीने हात वर केला. "आजोबा, तुम्ही पाय किती वाजता तपासायचात?"

"कसले पाय?"

"जवानांचे. अधिकाऱ्याचंच काम ना ते?"

तो हसला. "अगं, त्या चिखलात कोण उतरतंय? मी मागे तळावर असायचो."

"एकदाही नाही उतरलात?"

"छे गं!"

पोरगी गोंधळली. "मग पाय सडले ते कुणामुळे?"

त्याने ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "सांगा ना साहेब. माझ्या वर्गात हे सगळ्यांना येतं. मागे बसलेत ते माझे वडील. ह्यांनी पाय मुद्दाम सडवून घेतले, असं तुम्ही लिहून दिलं होतं."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "चल गं घरी," तो नातीला म्हणाला. पोरगी जागची हलली नाही.

"माझ्यामुळे," तो शेवटी पुटपुटला.

"मोठ्याने," ताई म्हणाली. "मागे ऐकू येत नाही."

"माझ्यामुळे सडले!"

नात रडायला लागली. मला तिच्यासाठी वाईट वाटलं, त्याच्यासाठी मुळीच नाही. तो बाकांमधून वाट काढत बाबांपुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "मला माफ करा."

आता बाबा नेहमीसारखे 'असू दे, असू दे' म्हणणार, ह्या विचाराने मी दात आवळले. बाबांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, उभे राहिले आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही."