चार काय, हेन्री?

“चार काय? हेन्री?”

पाव विकणाऱ्या पोदेरानं सायकल थांबवून “चार ना, टीचर?” म्हटलं की आमच्या फिजिक्सच्या टीचर दारातून हे विचारायच्याच. “चार पाव गे माये!” असं त्याच्याकडून वदवून घेतल्याशिवाय टोपली पुढे करायच्या नाहीत. मी त्यांची शेजारीण, त्यांच्याच हायर सेकंडरीत मराठी शिकवायचे. म्हणजे दोन्हीकडून जाच! नुसता आकडा बोलायची पेडण्यात कुणाची छाती नव्हती.

तारेच्या वेटोळ्याचं प्रेरकत्व हेन्रीत मोजतात. मिलिहेन्री हा हेन्रीचा हजारावा भाग, मायक्रोहेन्री त्याचाही हजारावा. “एकक चुकलं की सगळं चुकलं,” टीचर म्हणायच्या आणि सरळ शून्य द्यायच्या.

पार्से गावच्या एका मुलीनं आपल्या कॉइलचं माप मायक्रोहेन्रीत लिहिलं. टीचरनी वर्गासमोर ते खोडून मिलिहेन्री केलं.

“टीचर, मीटरचं बटण मायक्रोवर होतं.”

“आता तू मला शिकव!”

वर्ग खो खो हसला. मुलगी लॅबमध्ये यायचीच बंद झाली.

मग एका संध्याकाळी टीचर माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. “पार्से,” एवढंच म्हणाल्या.

मुलीची आई अंगणात काजूची बोंडं पिळून बिया काढत होती. “येवा टीचर, बसा,” ती म्हणाली. टीचर बसल्या नाहीत.

“चूक माझी होती गो,” त्या मुलीला म्हणाल्या.

“कधी कळलं तुम्हांला?”

खोटं बोलल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं. मी तर बोललेच असते.

“त्याच दुपारी. तुम्ही गेल्यावर मीटर बघितला. वर्गात सांगायची लाज वाटली.”

“माका पण लाज वाटली, टीचर. मी कॉमर्स घेतलं.”

आई मान वर न करता बोंडं पिळत राहिली. कुठं बघावं ते मला कळेना, टीचरकडे तर मुळीच बघवेना.

दुसऱ्या दिवशी टीचरनी वर्गाला सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. मुलगी मात्र परत आली नाही.

त्यानंतर पोदेर “चार?” म्हणून मुद्दाम थांबायचा, बिचारा. टीचर गुपचूप टोपली पुढे करायच्या.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी स्टाफरूममध्ये मीच चहा केला. “साखर किती घालू?”

“दोन.”

दोन काय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

“चमचे,” त्याच हळूच म्हणाल्या. मग कप घेता घेता त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बरोबर ना गो?”