फाटकाच्या आतला रस्ता

आम्ही दोघं एकाच हायस्कूलमध्ये शिकवायचो. ते गणित, मी भूगोल. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी होती आणि एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांना ‘सर’ म्हणत आलो. एकमेकांच्या घरी जेवण-खाण होतं, तरी ‘सर’च. बोलायचो मात्र अहिराणीत. पुस्तकातलं मराठी घंटा झाली की वर्गातच राहायचं.

सायकलचं वेड त्यांचं. रक्तातली साखर वाढल्याचं कळलं तेव्हा त्यांनी सुरतेहून पातळ टायरची, वाकड्या हँडलची सायकल आणली आणि महिन्याभरात मलाही घ्यायला लावली. पण शहाद्याच्या आसपास ती चालवायची कुठे? उसाच्या ट्रॉल्या, केळीचे ट्रक, पपईचे टेम्पो. म्हणून आम्ही तापीकाठच्या जुन्या रस्त्याकडे वळलो.

बंधाऱ्याचं पाणी चढलं तेव्हा नवा रस्ता उंचावरून नेला आणि हा खालीच राहिला. एका अंगाला नदीचं फुगलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला दलदल आणि लव्हाळी. आठेक किलोमीटर, कुठे नावालाही चढ नाही. थंडीत चक्रवाक यायचे, उथळ पाण्यात शेकाट्या लालसर काडीपायांवर फिरायच्या. पुढे तिथे निसर्ग उद्यानाची पाटी लागली, एक मचाण उभं राहिलं. रेतीचे ट्रॅक्टर मात्र थांबले नाहीत. एकदा एका ट्रॅक्टरने सरांना इतकं कडेला दाबलं की ते सायकलसकट चिखलात गेले. कोपर सोलून निघालं. त्याच संध्याकाळी आम्ही तालुक्याच्या कचेरीला अर्ज लिहायला बसलो.

लिहीत मी होतो. दोन्ही टोकांना लोखंडी फाटक बसवावं, फाटकाशेजारी चर खणावेत, कुलूप फोडता येऊ नये म्हणून पोलादी पेटीत बसवावं, आणि सर्व वाहनांना पूर्ण बंदी करावी. ‘पूर्ण’ या शब्दाखाली मी रेघ मारली.

सर म्हणाले, “पूर्ण नका लिखा, सर. एक किल्ली जोडेना मळामा ऱ्हाऊ द्या. अडीनडीले कामले येई.”

मी ऐकलं नाही. आज मळेवाल्याकडे दिलेली किल्ली उद्या रेतीवाल्याच्या खिशात असेल, असं मी म्हणालो. त्यांनी थोडा वाद घातला आणि सोडून दिला. मी एकदा हट्टाला पेटलो की ते सोडून द्यायचे. अर्जावर त्यांचीही सही आहे. माझ्या सहीच्या खाली.

आश्चर्य म्हणजे अर्ज मंजूर झाला. फाटकं बसली, चर खणले गेले, आणि त्यानंतरचे दोन हिवाळे आमच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असतील. फाटकाखालून सायकली आडव्या सरकवल्या की आख्खा रस्ता आमचा. जोडीने, हँडलला हँडल लावून जायचो. साखळीचा आवाज आणि पाण्यावर उठलेले पक्षी, एवढंच. सर पक्षी मोजायचे. दहा मोजायचे, मग थवा डोळ्यांनी दहा-दहाचे गठ्ठे करून भागायचे आणि वर ‘चूक धरा’ म्हणायचे. मी उत्तर कधी तपासलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात, सारंगखेड्याची यात्रा उठून आठवडा झाला असेल, त्या सकाळी ते मागे पडत होते. रात्रीचं पिठलं बाधलं असं म्हणाले. रस्त्याच्या साधारण मध्यावर त्यांनी ब्रेक लावला, सायकल आडवी टाकली आणि खाली बसले. मी वळून आलो. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

“छातीवर कोनी बठेल शे असं वाटी ऱ्हायनं,” ते म्हणाले.

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. लागला. पलीकडच्या बाईंनी नीट पत्ता विचारला, गाडी लगेच निघते म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि मला फाटक आठवलं. सरांना ते माझ्या आधी आठवलं असणार, कारण ते माझ्याकडेच बघत होते.

“किल्ली कोनाकडे शे?” त्यांनी विचारलं.

“कचेरीमा,” मी म्हणालो. कचेरी दहाला उघडते, आणि आता कुठे सात वाजले होते.

 ते हात हलवून म्हणाले, “तुम्ही जा. मी आठेच बठस.”

माझ्याशी बोललेलं हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यांना एकटं टाकून जायला माझा पाय निघेना. तेवढ्यात लव्हाळ्यात गळ टाकून बसलेला एक माणूस दिसला. सातपुड्यातला होता, कापूस वेचायला खाली आलेल्या टोळ्यांपैकी. मी ओरडून, खुणा करून त्याला बोलावलं. तो आला, सरांजवळ उकिडवा बसला आणि त्याने त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मी त्याला काहीच सांगितलं नाही. त्याची पावरी बोली मला येत नाही, आणि सांगणार तरी काय होतो? मी निघालो.

फाटकापर्यंत चार किलोमीटर. तसं पॅडल मी आयुष्यात कधी मारलं नव्हतं. मी पोचल्यावर थोड्याच वेळात गाडीही आली. ड्रायव्हरने फाटक हलवून पाहिलं, पेटीत हात घालून पाहिलं. मी कचेरीत फोन लावला, तो वाजत राहिला. शेजारच्या मळ्यातला शेतकरी घण घेऊन धावत आला. पेटीवर घाव बसत होते आणि पेटी जागची हलत नव्हती. चांगलं काम झालं होतं. चर इतके खोल होते की गाडी बाजूनेही निघेना.

गाडीत एक तरुण डॉक्टर होती. तिने दोन घाव पाहिले आणि मला विचारलं, “किती लांब आहेत ते?”

“चार किलोमीटर.”

“ही सायकल द्या इकडे.”

“तुम्हाला जमेल?”

“द्या हो!”

तिने औषधांची पिशवी पाठीला बांधली, फाटकाखालून वाकून आत आली, मी सायकल तिच्यासमोर धरली. सीट तिला उंच होती. उभ्यानेच पॅडल मारत ती निघून गेली. मी आणि गाडीवरचा मदतनीस स्ट्रेचर घेऊन मागून पळत होतो. पळता पळता मला उजेड, पाणी, पक्षी सगळं रोजच्यासारखंच दिसत होतं, आणि त्याचा मला राग आला होता.

आम्ही पोचलो तेव्हा ती रस्त्यावर गुडघे टेकून सरांची छाती दाबत होती. तो माणूस बाजूला सरांचे बूट हातात धरून उभा होता. बूट त्याने का काढले होते, कोण जाणे. मागून गाडीचा आवाज आला. मळेवाल्याने ट्रॅक्टरला साखळी लावून फाटक खांबासकट उपटलं होतं. गाडी जवळ आली तेव्हा डॉक्टरने हात थांबवले होते.

नंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तिला विचारलं, “गाडी सरळ आली असती तर?”

“सांगता येत नाही,” ती म्हणाली. ती गुडघ्यांवरची माती झटकत होती. “खरंच नाही सांगता येत.”

शाळेत शोकसभा झाली. मी बोललो. सरांच्या शिस्तीबद्दल, त्यांच्या निकालांबद्दल. फाटकाचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही. वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, सांगितलं की सर लगेच गेले, त्रास झाला नाही. त्यांनी मान डोलावली.

दोन महिन्यांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. मळेवाल्याच्या घरून काहीतरी त्यांच्या कानावर आलं होतं. दारातच त्यांनी विचारलं, “भाऊ, खरं सांगा. त्यासनाजोडे कोनी व्हतं का?”

“होतं,” मी म्हणालो. “डोंगरातला एक माणूस होता.”

“त्याले काय बोलनात ते? त्याले इचारी या.”

शेवटी नवरा काय बोलला, एवढंच त्यांना हवं होतं. मी कापूस वेचणाऱ्यांच्या मुकादमाकडून पत्ता काढला आणि मोटारसायकलने तोरणमाळच्या रस्त्याला लागलो. घाटाच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत त्याचा पाडा होता. तो घरीच सापडला. मला बघून त्याने खाट टाकली. त्याची भावजय आरोग्य खात्याची आशाताई होती, तिला चांगलं मराठी येत होतं. ती मधे बसली.

“तो म्हणतो, सर बरंच बोलत होते,” ती म्हणाली. “पण त्याला एक अक्षर समजलं नाही.”

“एखादा शब्द? एखादं नाव?”

तिने विचारलं. तो आठवत आठवत हळू बोलला.

“नाही म्हणतो. त्यांनी याचा हात धरला होता. पाय फार आवळलेत असं वाटलं, म्हणून याने बूट काढले. मग तेही बोलत होते आणि हाही बोलत होता. गप्प बसणं बरं वाटेना, म्हणून हा आपल्या बैलाबद्दल सांगत होता. बैल आजारी होता तेव्हा. नंतर सरांनी बोलणं थांबवलं. तरी हा बोलत राहिला, डॉक्टरबाई येईपर्यंत.”

मी बैलाचं विचारलं. मेला, असं ती म्हणाली.

परत येऊन मी वहिनींना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग माझ्याच्याने राहवेना. अर्ज, ‘पूर्ण’ हा शब्द, पेटी, चर, आणि सर किल्लीबद्दल जे म्हणाले होते ते, सगळं सांगून टाकलं. स्वयंपाकघरात चहा उकळत होता. त्यांनी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन उभ्याच राहिल्या.

“किल्ली मळामा ऱ्हाती ते?”

“सांगता येत नाही, वहिनी. डॉक्टरही तेच म्हणाली.”

“तिले नही येत व्हई,” त्या म्हणाल्या. “तुम्हले येस.”

मी उठून चपला पायात घातल्या.

“आते काही दिवस येऊ नका, भाऊ.”

ते काही दिवस बरेच लांबले. फाटक पुन्हा कुणी बसवलं नाही. बसवावं की नको असं विचारणारा कचेरीचा कागद माझ्याकडेही आला होता. मी ‘बसवू नये’ लिहिलं आणि सही केली. मग व्हायचं ते झालं. रेतीचे ट्रॅक्टर पहिल्यापेक्षा वाढले. रस्ता उखणला, मचाणाच्या फळ्या कुणी चुलीत घातल्या, शेकाट्या पलीकडच्या काठाला गेल्या. मी तिकडे जाणं सोडलं. सायकल आता नव्या रस्त्यावर चालवतो, ट्रकांच्या बाजूने. घरचे ओरडतात.

यंदा सरांच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका आली, पोस्टाने. जाऊ की नको, असं दोन दिवस चाललं होतं, शेवटी गेलो. मागे उभा राहून अक्षता टाकल्या आणि बाहेर पडायला लागलो, तर मांडवाच्या दाराशी वहिनी उभ्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, पदर सारखा केला.

“जेवीसन जा, भाऊ,” म्हणाल्या, आणि माझ्या मागून येणाऱ्या पाहुण्यांकडे वळल्या.

मी पंगतीत जाऊन बसलो. दोन्ही बाजूंना शाळेतलेच लोक होते. वरण-बट्टी वाढली होती. मी पान स्वच्छ केलं, हात धुतले आणि वहिनींना पुन्हा न भेटता घरी आलो.